टपावरचा माळा

गाडीच्या टपावर झोपायचा तंबू बसवणार असाल, तर त्याची शिडी कुठल्या अंगाला उतरते ते विकत घ्यायच्या आधी बघा. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याला, सुदर्शनला, मोबाइलवरच्या यच्चयावत शहाण्यांनी बाकी सगळं सांगितलं होतं. टायर कुठले घ्यावेत, रेतीत हवा किती ठेवावी, गाडी रुतली तर ओढून काढायला पुढं जी विजेची चरखी असते तिला दोर कसला लावावा. शिडीचंही कुणी सांगितलं असेल म्हणा, पण आमच्या माणसाला त्यात ऐकायचं होतं तेवढंच ऐकू आलं असणार.

उन्हाळ्यात हिमाचलात जायचं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. लॉजमध्ये राहायचं नाही, हॉटेलात जेवायचं नाही. गाडीतच चूल, गाडीवरच अंथरूण, वाट नेईल तिथं मुक्काम. त्यासाठी मंचरच्या एका माणसाकडून त्यानं जुनी जीप घेतली. जुन्नरच्या बाजूला आमचा टोमॅटोचा आणि थोडा द्राक्षांचा मळा आहे, आणि बाजारपेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान. मळा आणि दुकान सोडून महिनाभर कोण जाणार, असं मी विचारलं की तो म्हणायचा, "आगं, आयुष्यभर टमाटीच तोडायची का?" आणि खरं तर मलाही जायचंच होतं. फक्त मी भित्री. उंचीला भिते, पाण्याला भिते, पालीलाही भिते. सुदर्शन कशालाच भीत नाही, असं सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि सगळ्यात जास्त त्याला स्वतःला.

मला मात्र एक गोष्ट गावापेक्षा जास्त माहीत होती. मागच्या हिवाळ्यात तो संस्कृतीला, आमच्या आठ वर्षांच्या मुलीला, क्लासवरून मोटारसायकलवर घेऊन येत होता. दिवस नुकताच बुडाला होता. उसाच्या कडेला वाटेत एक जनावर येऊन उभं राहिलं. ते हललं नाही आणि ह्यानं ब्रेक असा दाबला की दोघंही गाडीसकट घसरले. ते जनावर क्षणभर बघून उसात निघून गेलं. संस्कृतीच्या गुडघ्याची साल निघाली. घरी आल्यावर सुदर्शन म्हणाला, "कुत्रं आडवं आलं." पोरीलाही त्यानं तेच सांगितलं. आमच्या भागात बिबट्या म्हणजे काही गोष्टीतला प्राणी नाही, तो शेजारी आहे. कुत्रं कुठलं आणि बिबट्या कुठला हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी त्याच्या शर्टाची बटणं काढत होते तेव्हा त्याचं काळीज हातोड्यासारखं धडधडत होतं.

त्यानंतर त्यानं ही जीप घेतली आणि ती सजवायला लागला.

नवशिक्यानं गाडी भरताना एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी म्हणतात: जड ते खाली, हलकं ते वर. बैलगाडीत पोती भरणाऱ्यालाही हे कळतं, आणि सुदर्शननं उभ्या जन्मात शंभर वेळा टेम्पो भरलाय. पण जीप भरताना त्याच्या डोळ्यांसमोर टेम्पो नव्हताच. त्याच्या डोळ्यांसमोर होता माळा. माझे सासरे धर्माजी पूर्वी ज्वारी राखायला मळ्यात चार मेढी पुरून वर फळ्या टाकायचे. लहानपणी सुदर्शन त्या माळ्यावर बापाच्या कुशीत झोपायचा. खाली काहीही हिंडू दे, माळ्यावर माणूस बिनघोर. त्यानं जीपच्या टपावर तोच माळा बांधला.

टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर तंबू. पाण्याची टाकी तंबूशेजारी, कारण रात्री तहान लागली तर खाली कोण उतरणार? तेच शेगडीचं, तेच जादा बॅटरीचं, तेच हत्यारांच्या पेटीचं. जादा टायर वर, डिझेलचे कॅन वर. पोरीला रात्री उठावं लागलं तर म्हणून झाकणाची बादलीसुद्धा वर. एकदा चढलं की उजाडेपर्यंत जमिनीला पाय लावायची वेळ येऊ नये, असा सगळा बेत. पुण्यामुंबईच्या कुणी ही चूक केली नसती; त्यांना बिबट्या मोबाइलवरच दिसतो. तंबूच्या आतल्या बाजूला मी जाड कापडाची कप्प्यांची पिशवी शिवून दिली होती. टॉर्च, औषधं, चरखीचा रिमोट, सगळं त्यात. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "झ्याक." मी म्हटलं, गाडी नव्हं, गौरीची उतरंड दिसतीय. तर सुदर्शन मला म्हणाला, "तू भित्री भागूबाई."

संस्कृतीला मात्र त्यानं नियम पाठ करून घेतले. दिवस कलला की वर जायचं. चेन लावायची. काही हललं किंवा वाजलं तर जिथं असशील तिथंच दगडासारखं बसायचं, तोंडातून आवाज काढायचा नाही. आई बोलावू दे नाहीतर आजोबा, पप्पांनी सांगितल्याशिवाय जागचं हलायचं नाही. ती मान हलवायची. नियम पाळण्यात ती माझ्यावर गेलीय.

लांब जायच्या आधी घराजवळ एक मुक्काम करून बघावा, हा सल्ला मात्र सुदर्शननं मानला. भात काढणीच्या दिवसांत आम्ही निघालो. डिंभ्याचं धरण मागं टाकून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलो, आणि मग जलाशयाच्या कडेनं कच्च्या वाटेनं भिमाजीच्या वस्तीवर. भिमाजी आणि गोजरबाई ही म्हातारा-म्हातारी दरवर्षी आम्हाला इंद्रायणी तांदूळ देतात, त्यामुळं ओळख जुनी. वळणावर जीप अशी डुलायची की मी दाराच्या कडीला दोन्ही हातांनी धरून बसले होते. सुदर्शन म्हणाला, "स्प्रिंगा नव्या हायेत, बसतील हळूहळू." मला घाम फुटला होता आणि तो शीळ घालत होता.

भिमाजीनं पुढं होऊन जागा दाखवली. खाचरं डोंगराला पायऱ्यांसारखी उतरत गेलेली, त्यातल्या एका खाचराचा बांध चांगला रुंद. "हितंच लावा, पावणं. भाताचा पिकअप हितंच येतो आमचा. गच भरून जातो, काय व्हत न्हाई." त्याचं खोटं नव्हतं. पण पिकअपमध्ये भात खाली असतो. आणि वरच्या खाचराचं पाणी त्यानं काढणीसाठी नुकतंच सोडलं होतं. ते बांधाच्या पोटात मुरलेलं होतं, हे त्याच्याही ध्यानात आलं नाही.

जीप बांधावर उभी राहिली. डावीकडं उतार: एक खाचर, त्याखाली ताल म्हणजे दगडांची रचलेली भिंत, मग झुडपं आणि पार खाली पाणी. सुदर्शननं तंबू उघडला. हा तंबू पुस्तकासारखा उघडतो. अर्धा टपावर राहतो आणि अर्धा गाडीच्या बाहेर अधांतरी येतो. त्या अधांतरी अर्ध्याला शिडीचाच टेकू. आमचा डावीकडं उघडला. शिडीचे पाय बांधाच्या अगदी काठावर टेकले.

"वर लई भारी दिसतंय," संस्कृती वरून ओरडली. वही आणि रंग घेऊन ती तंबूच्या तोंडाशी, त्या बाहेर आलेल्या भागात, उजेडाला बसली. ऊन अजून होतं. मी मागं उभी राहून चहासाठी आलं ठेचत होते.

मला आधी आवाज आला. ओल्या मातीत कुदळ घातल्यावर येतो तसा, भसकन. मग जीपचं मागचं डावं चाक माझ्या डोळ्यांदेखत खाली बसलं. शिडीचा एक पाय मातीत गेला आणि दुसरा हवेत राहिला. सगळी गाडी वरच्या बोजासकट सावकाश डावीकडं झुकली. वर रंगांचे खडू गडगडल्याचं ऐकू आलं, आणि पोरीची एक बारीक किंकाळी. लगेच चेन ओढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

सुदर्शन समोर बॉनेटपाशी होता. तो कसा आला मला आठवत नाही. उजव्या बाजूच्या पायरीवर उडी टाकून तो कॅरिअर धरून मागं लोंबकळला आणि ओरडला, "तेजू, ये! वजन टाक!" मीही त्याच्याशेजारी लोंबकळले. माझ्या पायाखाली बघितलं तर उजवं चाक जमिनीवर टेकलेलं नव्हतं. चार बोटांची फट होती. ती फट कमी होत होती, वाढत होती. आम्ही दोघं मिळून ती गाडी तोलून धरली होती, आणि पलीकडच्या टोकाला आमची पोर होती.

जन्मात इतकी भ्याले नव्हते मी.

"चरखी लावा," मी म्हटलं.

"रिमोट वर हाय," तो म्हणाला.

म्हणजे माझ्या पिशवीत. शिवण माझीच होती, घट्ट.

भिमाजी धावत आला. त्यानं बैलाचा जाड नाडा कॅरिअरला अडकवला. बांधायला आसपास झाड नव्हतं. त्यातल्या त्यात जवळचं ऐनाचं झाड नाड्याच्या दुप्पट अंतरावर होतं. मग तो आणि गोजरबाई दोघंही टाचा मातीत रोवून नाडा धरून मागं रेलले. "आये, आये, आये," असं गोजरबाई एकसारखं म्हणत होती. दोन म्हातारी माणसं. त्यांचा जोर किती पुरणार होता?

डावीकडून शिडीनं उतर म्हणावं तर शिडीला बूड नाही, आणि तिच्या अंगावर सगळी गाडी आली असती. एकच वाट होती. आमच्या बाजूला तंबूला खिडकी होती. पोर आतल्या आत रांगत आमच्याकडं आली तर गाडीचा तोल इकडं येईल आणि तिला खिडकीतून बाहेर काढता येईल. सुदर्शनलाही ते कळलं.

"संस्कृती, हिकडच्या खिडकीतनं बाहेर ये."

ती जागची हलली नाही.

"बाळा, आई बोलावतीय, ये लवकर," मी म्हटलं. माझा आवाज कसला तरीच निघाला. तिला आईचं ऐकायचं नाही असं शिकवलेलं होतंच.

"संस्कृती! पप्पा सांगतोय. ये म्हणतो ना!"

त्याच्या ओरडण्यानं गाडीला हिसका बसला. फट वाढली. आत पोर आणखी आक्रसली असावी, कारण अधांतरी भागाची फळी करकरली. मी डोळे मिटले आणि उघडले, कारण मिटल्यावर जास्त दिसत होतं.

मग आतून कुजबुजल्यासारखा आवाज आला. "पप्पा, तो वर चढतोय का?"

"कोन?"

"बिबट्या. गाडी हलवतोय."

ती बिबट्यापासून लपून बसली होती. बापानं सांगितल्याप्रमाणे, दगडासारखी, जिथं होती तिथंच.

"बिबट्या न्हाई गं. बांध खचलाय. तू फक्त हिकडं सरक."

"तुम्ही नाहीच म्हणता नेहमी," ती म्हणाली. रागानं नाही, समजूत काढल्यासारखं. "त्या दिवशीपण म्हणालात, कुत्रं होतं."

सुदर्शनचा चेहरा माझ्यापासून वीतभर लांब होता. एवढ्या वर्षांत मी त्याचा तो चेहरा बघितला नव्हता. ओठ पांढरे पडले होते. पोरीला इतके दिवस माहीत होतं, आणि आता त्याच्या खऱ्या शब्दालाही वजन उरलं नव्हतं. मागं भिमाजीचा पाय घसरला, नाडा हातभर सुटला आणि परत आवळला. जीपनं एक कण्हल्यासारखा आवाज केला. मी मनात भीमाशंकराला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. फेडताना आयुष्य जाईल.

"संस्कृती," सुदर्शन म्हणाला. आवाज हळू होता आणि फाटला होता. "मला भ्या वाटतंय."



"तुम्हाला?"

"व्हय. लई भ्या वाटतंय गं मला. त्या दिवशीबी वाटलं व्हतं. ते कुत्रं नव्हतं."

"मला माहितीय."

"मला रोजच भ्या वाटतं."

तो रडत होता. लोंबकळलेल्या माणसाला डोळे पुसता येत नाहीत, ते तसेच गळत होते. मीही रडत होते, पण माझं काय, मी रडकीच.

मग ती म्हणाली, "मग तुम्ही वर या ना. इथं तो येत नाही."

सुदर्शननं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा काहीतरी हुकूम सोडणार. पण तो म्हणाला, "मला एकट्याला चढवत न्हाई बाळा. हात दे मला. हिकडच्या खिडकीतनं. हळू ये हां, गाडी लई हलतीय, मला अजून भ्या वाटंल."

"थांबा, येते. घाबरू नका. धरून बसा."

फळी करकरली. तिचा एक गुडघा, मग दुसरा. प्रत्येक हालचालीला कॅरिअर माझ्या बोटांतून थरथरत होतं. मध्येच ती थांबली. "खाली बघू नका हां, पप्पा," ती म्हणाली. सुदर्शन म्हणाला, "न्हाई बघत." ती गाडीच्या मध्यावर आली तसं उजवं चाक एकदा जमिनीला टेकलं आणि परत उचललं गेलं, कारण बांधाचं आणखी एक ढेकूळ खाली गेलं. गोजरबाईचं 'आये, आये'ही थांबलं.

खिडकीची चेन वर सरकली. जाळी बाजूला झाली. आधी तिचा हात बाहेर आला, रंगानं माखलेला. सुदर्शननं एक हात सोडून तिचं मनगट पकडलं. तिनं दुसरा हातही त्याच्या हाताभोवती आवळला, पाय आत कुठंतरी रोवले आणि सगळा जीव एकवटून त्याला वर ओढायला लागली. दात-ओठ खाऊन ओढत होती. तिचा विश्वासच होता की ती बापाला वाचवतीय.

त्यानं तिला खाली ओढलं.

ती खिडकीतून निम्मी बाहेर आल्यावर मी तिचा फ्रॉक धरला, आणि आम्ही तिघंही पाठीमागं बांधावर आदळलो. भिमाजी ओरडला, "सोड!" दोघांनी नाडा सोडला. नाडा सापासारखा फरफटत गेला. जीप घाई न करता कलंडली. आधी तंबू खालच्या खाचरात चेपला, मग त्यावर गाडी, मग चारही चाकं वर. ताल फोडून ती झुडपांत गेली आणि तिथं अडकली. पाण्याची टाकी फुटल्याचा आवाज आला. मग खालून डिझेलचा वास आला.

मी पोरीचं सगळं अंग चाचपलं. कोपर खरचटलं होतं, बाकी ठीक होतं. ती खाली बघत होती, तिच्या वहीचं काय झालं असेल ते शोधत असावी. मग बापाकडं वळून रागानं म्हणाली, "मी तुम्हाला वर घेत होते. तुम्ही उलटं का ओढलं?" तो चिखलात बसून नुसता तिचे पाय धरून होता.

भिमाजीनं आम्हाला घरी नेलं. "म्याच सांगितलं हितं लावा म्हून. माझ्याच तोंडाला आग लागू," असं तो वाटभर म्हणत राहिला. त्याच्या तळव्यांची साल नाड्यानं निघाली होती. गोजरबाईनं हळद लावली. तिनं भात आणि कुळथाचं पिठलं केलं. सुदर्शनच्या हातातली चहाची कपबशी अशी वाजत होती की त्यानं ती शेवटी जमिनीवर ठेवली आणि तशीच राहू दिली. कुणी त्याला हसलं नाही. गावात असतो तर त्यानं काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. इथं त्यानं प्रयत्नच केला नाही. मला त्याची कीव आली, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तो मला लग्नानंतर पहिल्यांदा इतका जवळचा वाटला.

जेवणं झाली तशी गोजरबाईनं घराच्या मधल्या खणात जमिनीवर वाकळा अंथरल्या. दाराला आडणा घातला. जंगलाकडेच्या घरांत झोपायची रीत ठरलेली असते. मोठी माणसं कडेला, पोर मधे. गोजरबाईनं मधल्या वाकळेवर हात थोपटला. "ये गं बाय, तू हितं नीज. दोनी अंगाला आई-बाप."

संस्कृती उभीच राहिली. तिनं दाराकडं बघितलं, मग बापाकडं. तो भिंतीला टेकून बसला होता.

"नको आजी," ती म्हणाली. "मधे पप्पांना झोपू दे."

मला वाटलं, आता हा म्हणेल, चल गप, आगाऊ कुठली. पण तो मुकाट्यानं उठला आणि मधल्या वाकळेवर जाऊन आडवा झाला. मी एका अंगाला त्याच्या छातीवर हात टाकून झोपले. दाराकडची बाजू संस्कृतीनं घेतली, आणि माझ्यासारखाच तिनं त्याच्या छातीवर हात टाकला.